पुतळीच्या माळेतील डच शिपाई

मुलुंड, घाटकोपर किंवा बोरिवली येथील कोणत्याही जुन्या सराफी पेढीवर लग्नसराईच्या आधी एक ओळखीचे दृश्य दिसते. सांगली, कोल्हापूर, बेळगावकडून येऊन मुंबईत दोन-तीन पिढ्या स्थिरावलेल्या कुटुंबातील भावंडे आजीच्या पश्चात बँकेच्या लॉकरमधून निघालेला डबा घेऊन येतात. डब्यात एखादा तुटका साज, बोरमाळेचे सुटे मणी आणि काळपट पडलेल्या रेशमी गोफात ओवलेली पुतळ्यांची माळ असते. वाटणी तिघांत करायची असते, नातीला आजच्या घडणीचे काहीतरी हवे असते. सराफ माळ काट्यावर ठेवतो, दोन पुतळ्या कॅरेट मीटरखाली धरतो आणि एकूण मालाचा कस बावीस धरून रकमेचा आकडा सांगतो. आकडा मोठा असतो. कुटुंब समाधानाने होकार देते आणि संध्याकाळपर्यंत माळ मुशीत जाते.

या व्यवहारात कोणी कोणाला फसवलेले नसते. तरीही त्या मुशीत कधी कधी असे काहीतरी आटते, ज्याची कोणी दखलही घेतलेली नसते. त्या माळेतील एखादी पुतळी मुळात दागिन्याची पुतळी नसून व्हेनिसच्या किंवा हॉलंडच्या टांकसाळीत पाडलेले, समुद्र ओलांडून आलेले खरेखुरे नाणे असू शकते.

आज ‘पुतळी’ म्हटले की लक्ष्मीची किंवा रामसीतेची आकृती ठोकलेली पातळ सोन्याची चकती डोळ्यांसमोर येते. पण हा शब्द मूळचा दागिन्याचा नव्हे, तो नाण्याचा आहे. ज्या नाण्यावर उभी मानवी आकृती, म्हणजे पुतळी, कोरलेली असे, त्या नाण्याला मराठी मुलखाने दिलेले हे नाव. मोगली मोहरेवर आकृती नसे, अक्षरे असत. होनावर देवदेवतांच्या प्रतिमा असत, परंतु त्या आपल्या ओळखीच्या होत्या. हे पिवळेजर्द, वाटोळे, हातात काठी किंवा ध्वज धरलेल्या परक्या माणसाचे नाणे मात्र वेगळे उठून दिसे, आणि लोकांनी त्याला त्याच्या दिसण्यावरूनच नाव दिले.

ही पहिली पुतळी व्हेनिसची. इटलीच्या त्या व्यापारी प्रजासत्ताकाने १२८४ मध्ये, जिओव्हानी दांदोलो हा तेथील प्रमुख असताना, ‘डुकाट’ हे सोन्याचे नाणे पाडण्यास प्रारंभ केला. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम आणि सोने त्या काळी शक्य होते तेवढे शुद्ध. नाण्याच्या एका बाजूस संत मार्क यांच्यापुढे गुडघे टेकून ध्वज स्वीकारणारा राज्यप्रमुख, आणि दुसऱ्या बाजूस तारकांनी वेढलेल्या लंबगोलात उभा येशू ख्रिस्त. १७९७ मध्ये नेपोलियनने व्हेनिसचे राज्य संपवले, तोपर्यंत पाचशेहून अधिक वर्षे या नाण्याचे चित्र, वजन आणि कस जवळजवळ तसेच राहिले. नाण्यावर सालच नसे, केवळ त्या वेळच्या प्रमुखाचे नाव बदलत जाई.

या नाण्याच्या एका नावाचा प्रवास मोठा गमतीचा आहे. अरबी भाषेत नाणे पाडण्याच्या ठशाला ‘सिक्का’ म्हणतात. त्यावरूनच व्हेनिसच्या टांकसाळीला ‘झेक्का’ हे नाव मिळाले, झेक्कावरून नाण्याला ‘झेक्किनो’, झेक्किनोवरून इंग्रज व्यापाऱ्यांनी ‘चिकीन’ केले आणि हिंदुस्थानातील इंग्रजांच्या बोलीत त्याचे ‘चिक’ होऊन चार रुपयांच्या रकमेला तो शब्द चालू लागला. आपण रोज वापरतो तो ‘सिक्का’ आणि व्हेनिसचे ते नाणे असे एकाच शब्दाचे दोन वंशज ठरतात. दक्षिणेत तर याहून मौज झाली. तमिळ मुलखात त्या ध्वजाचा दांडा लोकांना ताडाचे झाड वाटला आणि त्याला धरून असलेला राज्यप्रमुख ताडी काढण्यासाठी वर चढणारा शाणार वाटला. त्यावरून तेथे या नाण्याचे नाव पडले ‘शाणार काशु’.

व्हेनिसच्या या यशाकडे जगातील अनेक टांकसाळी डोळे लावून बसल्या होत्या. त्यातील सर्वांत चिकाटीची निघाली ती डच लोकांची.

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात नेदरलँड्सचे उत्तरेकडील प्रांत स्पेनच्या राजाविरुद्ध बंड करून उठले होते. १५७९ मध्ये उट्रेख्ट येथे त्यांनी आपसात करार केला. युद्ध चालू, राजा नाही, प्रत्येक प्रांताची टांकसाळ वेगळी. अशा स्थितीत परदेशी व्यापारी ज्यावर निर्धास्तपणे विश्वास ठेवेल असे नाणे कोठून आणायचे? त्यांनी नवे काही शोधून काढण्याचा हट्ट धरला नाही. मध्य युरोपात हंगेरीचा डुकाट मान्यता पावलेला होता. त्यावर हातात परशू घेतलेल्या संत लाडिस्लाउस यांची उभी आकृती असे. डच टांकसाळींनी तेच वजन, तोच कस आणि जवळजवळ तीच मांडणी उचलली, फक्त संताच्या जागी चिलखत घातलेला शिपाई उभा केला. १५८६ पासून या नाण्याला सर्व प्रांतांसाठी एकच नियम लागू झाला: वजन ३.४९ ग्रॅम, कस पावणेचोवीस कॅरेटला किंचित कमी, म्हणजे हजारात ९८६ भाग शुद्ध सोने.

त्या शिपायाच्या एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात बाणांची जुडी असते. जुडी एकत्र आलेल्या प्रांतांची. सभोवती लॅटिन भाषेत लिहिलेले असते की ऐक्याने लहान गोष्टी वाढतात. शिपायाच्या दोन्ही अंगांना सालाचे दोन-दोन आकडे विभागून असतात. उलट बाजूस चित्र नाही, केवळ एक नक्षीदार चौकट आणि तिच्यात पाच ओळींचा तोडका-मोडका लॅटिन मजकूर. त्याचा अर्थ एवढाच की हे संयुक्त प्रांतांच्या शासनाचे, साम्राज्याच्या नियमाप्रमाणे पाडलेले नाणे आहे. बँकेच्या भाषेत सांगायचे तर ती चौकट म्हणजे हमीपत्र होते. कोण्या राजाचा चेहरा नाही, पराक्रमाची जाहिरात नाही. वजन आणि कस नियमाप्रमाणे आहे एवढेच वचन.

हे नाणे देशात खर्च करण्यासाठी नव्हतेच मुळी. डच लोक घरात गुल्डन आणि स्टुइव्हर वापरत. डुकाट होता बाहेरच्या जगासाठी, पोलंडचे धान्य, रशियाचे लाकूड, तुर्कस्थानातील माल यांची किंमत चुकती करण्यासाठी. पुढे एकोणिसाव्या शतकात डच कायद्यानेही त्याला चलनी नाणे न मानता ‘व्यापारी नाणे’ म्हटले. त्यावर किंमत छापलेली नसे. किंमत दर दिवसाच्या सोन्याच्या भावाने ठरे. व्यापारी नाण्याचे मर्म यातच आहे. चलनी नाण्याच्या मागे सरकारचा हुकूम असतो, म्हणून ते सरहद्दीपाशी थांबते. व्यापारी नाण्याच्या मागे केवळ त्यातील धातू आणि ते पाडणाऱ्याची पत असते, म्हणून ते चालत राहते.

ही पत किती मोठी होती याचा पुरावा नक्कल करणाऱ्यांनीच दिला आहे. रशियाच्या सेंट पीटर्सबर्ग टांकसाळीने १७३५ पासून डच डुकाटाची हुबेहूब नक्कल गुप्तपणे पाडण्यास सुरुवात केली, कारण परदेशातील सैन्याचा खर्च त्याच नाण्यात सोपा पडे. सरकारी कागदांत तिचे नाव लिहिण्याची सोय नव्हती, म्हणून ‘ती ठाऊक असलेली मोहोर’ असा उल्लेख होई. हा उद्योग १८६८ पर्यंत चालला. १८३१ मध्ये पोलंडच्या बंडखोर सरकारनेही याच शिपायाचे नाणे पाडले. सोने मात्र या नकलांतही खरे असे, हे विशेष. बनावट होते ते केवळ मूळ गाव.

आता हा शिपाई आपल्या किनाऱ्यावर कसा आला ते पाहू.

डच ईस्ट इंडिया कंपनी १६०२ मध्ये स्थापन झाली. पुढील पंधरा-सोळा वर्षांत तिचे व्यापारी सुरतेत आले आणि १६३७ मध्ये त्यांनी आपल्या कोकणात, वेंगुर्ल्याला, वखार उघडली. त्या दगडी वखारीचे अवशेष वेंगुर्ल्यात आजही उभे आहेत. मालवण-सावंतवाडीच्या सहलीला जाणाऱ्यांनी अर्धा तास तिच्यासाठी काढावा. झाडाझुडपांनी वेढलेली ती इमारत पाहिली की परदेशी व्यापार म्हणजे केवळ सुरत आणि मुंबई नव्हे हे पटते. या वखारीचा प्रमुख अब्राहम लेफेबर याने १६७४ च्या ऑक्टोबरमध्ये बटाव्हियाच्या वरिष्ठांना पाठवलेल्या पत्रात शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचा वृत्तांत आहे.

युरोपला आपला माल हवा होता, सुती कापड, नीळ, मिरी. त्याच्या बदल्यात देण्यासारखा माल युरोपकडे फारसा नव्हता. म्हणून जहाजांतून चांदी आणि सोने येई. चांदीचे प्रमाण बरेच मोठे, सोन्याचे त्या मानाने कमी. दक्षिणेत मात्र होनाचे चलन असल्याने सोन्याला मागणी होती, आणि तेथे डच कंपनी जपानचे सोनेही आणून त्याचे होन पाडून घेई. १७३५ मध्ये ‘फ्लीखेंड हर्ट’ नावाचे डच कंपनीचे जहाज नेदरलँड्सचा किनारा सोडताच बुडाले. अडीचशे वर्षांनी पाणबुड्यांनी त्यातून पेटी वर काढली, तेव्हा तिच्यात चांदीच्या स्पॅनिश रियालांबरोबर सोन्याचे डुकाट व्यवस्थित रचलेले होते. ते जहाज बटाव्हियाला निघाले होते. जी जहाजे बुडाली नाहीत त्यांच्या पेट्या आशियाच्या बाजारात उघडल्या.

डच जहाज हा एकच मार्ग नव्हता. गुजरातचे व्यापारी स्वतःची जहाजे तांबड्या समुद्रातील मोखा बंदरात नेत, तेथे कापड विकून नाणी घेऊन परत येत. कैरोमार्गे आलेले व्हेनिसचे आणि डच डुकाट मोखाच्या पेठेत एकत्र येत. बसऱ्याकडूनही तसेच. म्हणजे कोकणातील एखाद्या माळेत असलेला डच शिपाई डच माणसाच्या हातून आलाच असेल असे नाही. तो अरबी कॉफीच्या आणि गुजराती कापडाच्या हिशोबातूनही आलेला असू शकतो.

मराठी कागदांत त्याची पाऊलखूण आहे का? कृष्णाजी अनंत सभासद यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून, लिहिलेल्या बखरीत शिवकालीन खजिन्यातील नाण्यांची यादी आहे. तिच्यात होनांचे अनेक प्रकार गावांच्या नावांनी दिले आहेत आणि त्यांच्याच पंक्तीत ‘गंबार’, ‘मोहरा’ आणि ‘पुतळ्या’ ही नावे आहेत. पुतळी म्हणजे व्हेनिसचे नाणे हे सर्वमान्य आहे. गंबार कोण? १७११ च्या सुमाराचे इंग्रज व्यापारी लॉकियर यांनी हिंदुस्थानातील नाण्यांत व्हेनिशियनांबरोबर ‘गबर’ नावाचे नाणे सांगितले आहे आणि १८१३ मध्ये मिलबर्न यांनी गबर म्हणजे डच डुकाट असे स्पष्ट म्हटले आहे. शब्द मूळचा फारसी ‘गब्र’, परधर्मीय, यावरून आलेला असावा. प्रथम तो कोणत्याही फिरंगी मोहरेला लागत असणार, पुढे डच नाण्यावर स्थिरावला. सभासदांचा गंबार आणि इंग्रजांचा गबर एकच, असे मानण्यास चांगला आधार आहे. स्वराज्याच्या खजिन्यात बाणांची जुडी घेतलेला तो शिपाई हजेरी लावून गेला, असे म्हणण्यास मग फारशी अडचण राहत नाही.

हा परका पाहुणा इतक्या सहज रुळला त्याचे कारण वजनात आहे. होनाचे वजन सुमारे ३.४ ग्रॅम आणि डुकाटाचे ३.४९. हाताला दोन्ही जवळजवळ सारखीच लागत. शहाण्णव गुंजांच्या तोळ्याच्या हिशोबाने डुकाट पावणेएकोणतीस गुंजांचा. फरक होता कसाचा. होन अनेक ठिकाणी पडत आणि प्रत्येक ठिकाणचा कस निराळा, म्हणूनच तर त्यांना सणगिरी, धारवाडी अशी गावांची नावे लागली. प्रत्येकाचा बट्टा वेगळा, आणि तो जाणणे ही सराफाची विद्या. डुकाट कोणत्याही प्रांताच्या टांकसाळीतला घ्या, कस तोच. बट्ट्याचा प्रश्नच कमी. व्यापाऱ्याला याहून मोठे सुख कोणते?

मोगल मुलखात परदेशी नाणे चलन म्हणून चालत नसे. ते सुरतेच्या टांकसाळीत देऊन त्याचे रुपये किंवा मोहरा करून घ्याव्या लागत, अथवा सराफाला वजनाने विकावे लागे. या सराफीत आपल्या समाजाचा वाटा किती जुना आहे हे अनेकांच्या ध्यानात नसते. दिल्लीच्या सुलतानी टांकसाळीत अधिकारी असलेले ठक्कुर फेरू हे श्रीमाळ जैन होते. त्यांनी १३१८ मध्ये ‘द्रव्यपरीक्षा’ हा ग्रंथ लिहिला. निरनिराळ्या राज्यांच्या नाण्यांचे वजन, त्यांतील सोन्या-चांदीचे प्रमाण आणि परस्परांतील मोल सांगणारा हा ग्रंथ म्हणजे सराफाच्या गादीवर ठेवण्याची पोथीच. व्हेनिसचा पहिला डुकाट पडून तेव्हा अवघी चौतीस वर्षे झाली होती. युरोपात नाणे पाडणारे विश्वास निर्माण करीत होते आणि इकडे तो विश्वास तपासण्याची विद्या ग्रंथात उतरत होती. या दोन गोष्टी एकमेकींस पूरक आहेत. तपासणारा जाणकार नसेल तर शुद्ध नाणे आणि हिणकस नाणे एकाच भावाने जाते, आणि मग शुद्ध नाणे पाडण्याचे कारणच उरत नाही.

तीनशे वर्षांनी सुरतेत वीरजी व्होरा यांच्या पेढीची पत अशी होती की इंग्रज आणि डच, दोन्ही कंपन्या त्यांच्याकडून कर्ज घेत. सोने, प्रवाळ, मिरी, अफू असा त्यांचा व्यापार होता. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा व्होरांच्या वाड्यातून मोठे द्रव्य गेले, असे तेव्हाच्या युरोपीय वृत्तांतांत नमूद आहे. त्या द्रव्यात डुकाट किती होते हे कोणी मोजून लिहिलेले नाही. पण जेथे डच कंपनी ऋणको होती तेथे डच नाणे नसेल असे समजणे कठीण.

मग हे नाणे पेढीवरून गळ्यात कधी गेले? एका दिवसात नव्हे. नाणे बाजारात फिरते ते जोवर त्याच्या बदल्यात दुसरे नाणे सहज मिळते तोवर. ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ मध्ये सर्व मुलखासाठी चांदीचा एकच रुपया ठरवला आणि सोन्याच्या जुन्या नाण्यांचे बाजारातील काम संपत आले. सोने मात्र सोनेच राहिले. एक पुतळी म्हणजे त्या काळचे चार-पाच रुपये, एका पुतळीवर एक कडी, वर्षाला जमेल तशी भर, असे करत स्त्रियांच्या नावाची ठेव तयार झाली. तिला पासबुक नव्हते, पण ती सासरच्या कर्जात सहसा धरली जात नसे. व्यापाऱ्याचे फिरते भांडवल स्त्रीधन होऊन स्थिर झाले, हा या नाण्याच्या इतिहासातील आपल्याकडचा अध्याय, आणि तो युरोपच्या पुस्तकांत क्वचितच सापडतो.

मागणी वाढली तसे बाजारातील सोनारांनी पुतळ्यांचे साचे स्वतःच बनवले. त्यांना लॅटिन येण्याचे कारण नव्हते. अक्षरांच्या जागी उभ्या-आडव्या रेघा आल्या, संतांच्या आणि राज्यप्रमुखाच्या आकृत्या काड्यांसारख्या झाल्या, आणि पुढे परक्या मूर्तींऐवजी लक्ष्मी आली. फसवण्याचा हेतू बहुतेक ठिकाणी नव्हता. दागिन्याला जे रूप हवे ते त्यांनी दिले. व्हेनिसच्या नाण्याच्या हिंदुस्थानी नकलांवर पाश्चात्त्य नाणेतज्ज्ञांनी स्वतंत्र अभ्यास केला आहे. त्या स्वतःच आता संग्राहकांचा विषय झाल्या आहेत. विसाव्या शतकात पुतळीची जागा इंग्रजी गिनीने घेतली. १९१८ मध्ये तर मुंबईच्या टांकसाळीतच सॉव्हरिन पाडले गेले. सालाच्या वर बारीक ‘आय’ हे अक्षर असलेले ते नाणेही काही घरांत असते. परंतु गिनी बावीस कॅरेटची, पुतळी त्याहून चोख.

येथेच त्या सराफी पेढीवरील हिशोबाकडे पाहावे लागते. समजा, माळेत अस्सल डुकाट पंचवीस आहेत. वजन साधारण ८७.२५ ग्रॅम. कस ९८६ धरला तर शुद्ध सोने ८६ ग्रॅम. बावीस कॅरेट म्हणजे ९१६ धरला तर जवळजवळ ८० ग्रॅम. फरक सहा ग्रॅमहून अधिक! त्याशिवाय मोडीची घट वेगळी. कड्यांच्या डागाचे सोने हिणकस असते, नाणी झिजलेली असतात, हे खरे. तेवढी वजावट रास्त आहे. पण सबंध माळ एकाच कसात धरणे रास्त नाही. खऱ्या नाण्यांबरोबर बाजारातील नकला आणि पातळ चकत्या एकाच माळेत ओवलेल्या असतात, म्हणून प्रत्येक पुतळीचा कस वेगळा पाहण्याचा आग्रह धरावा. कॅरेट मीटरला त्यासाठी काही मिनिटे पुरतात. कर्जासाठी बँकेत नेल्यासही मूल्यांकन करणारा सोन्याचे वजन आणि कस एवढेच पाहतो. त्याच्या छापील नमुन्यात इतिहासाचा रकाना नसतो आणि त्याला दोषही देता येत नाही.

अस्सल नाणे ओळखणे फार अवघड नाही. पुतळीवर युरोपीय आकड्यांत साल असेल, आकृती एकटी उभी असेल, हातात तलवार व बाण असतील आणि मागे चौकटीत पाच ओळी असतील तर तो डच. साल नसेल, एका बाजूस दोन आकृती आणि मध्ये ध्वजाचा दांडा, दुसऱ्या बाजूस ठिपक्या-ताऱ्यांच्या लंबगोलात उभी आकृती असेल तर व्हेनिसचा किंवा त्याची नक्कल. भिंग घेऊन अक्षरे पाहावीत. ती वाचता येतात का, निदान ती अक्षरे आहेत का, यावर बरेच ठरते. मग वजन. कडी वगळून ३.४ ते ३.५ ग्रॅमच्या दरम्यान असेल तर आशा धरावी, अडीच ग्रॅम असेल तर सोडून द्यावी. नाणे चिंचेने किंवा पावडरीने घासू नये. चकाकी वाढते आणि संग्राहकाच्या लेखी मोल घटते. कडीचा डाग असलेल्या नाण्याला संग्राहक तसेही कमी किंमत देतात, त्यामुळे प्रत्येक पुतळीमागे घबाड दडले आहे या समजुतीत कोणी राहू नये. ताडून पाहायचे असेल तर फोर्टमधील रिझर्व्ह बँकेचे नाणे संग्रहालय आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील नाण्यांचे दालन ही दोन ठिकाणे लोकलच्या अंतरावर आहेत. अधिक खोलात जाणाऱ्यांसाठी नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे.

वाटणीच्या वेळी सर्वांत सोपा उपाय म्हणजे माळ सोडवून प्रत्येक पुतळीचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र घ्यावे, वजन लिहावे आणि नंतरच काय आटवायचे ते ठरवावे. मान्यताप्राप्त मूल्यांकनकाराचा दाखला घेतला तर करातही उपयोग होतो. वारशाने मिळालेले सोने विकल्यास भांडवली नफा मोजावा लागतो, आणि ते कुटुंबात १ एप्रिल २००१ पूर्वीपासून असेल तर त्या तारखेचे बाजारमूल्य हीच खरेदीची किंमत म्हणून धरता येते. प्राप्तिकर खात्याने १९९४ मध्ये विवाहित स्त्रीच्या पाचशे ग्रॅमपर्यंतच्या दागिन्यांना तपासणीत जप्तीपासून जी सवलत दिली, ती दागिन्यांसाठी आहे. माळ तोडून सुटी नाणी करण्यापूर्वी हेही ध्यानात असावे.

आणखी एक गोष्ट परदेशी स्थायिक झालेल्या मुला-मुलींच्या संदर्भात. घाटकोपर-मुलुंडच्या बहुतेक घरांतून कोणी ना कोणी अमेरिकेत किंवा इंग्लंडात आहे, आणि आजीची आठवण म्हणून दोन पुतळ्या पर्समध्ये घालून नेण्याचा मोह स्वाभाविक आहे. १९७२ च्या पुरावस्तूंविषयीच्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू ठरते. ते घरात बाळगण्यास बंदी नाही, पण खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. नव्या साच्याच्या पुतळ्यांना हे बंधन नाही. शंका असल्यास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे नाणे दाखवून ती पुरावस्तू नसल्याचे प्रमाणपत्र आधी मिळवावे लागते. नातीला डच शिपायाचेच नाणे हवे असेल तर तेही अशक्य नाही. नेदरलँड्सची टांकसाळ तोच शिपाई, तीच बाणांची जुडी आणि जवळजवळ तेच वजन ठेवून डुकाट आजही पाडते. कस तेवढा ९८६ वरून ९८३ झाला आहे.